पाणथळीवरील पक्षी आणि काठावरचा शेतकरी

रब्बीची पेरणी आटोपून हरभरा-गव्हाला पहिले पाणी देण्याचे दिवस आले की नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. हे पाहुणे दोन प्रकारचे असतात. पहिले म्हणजे हिमालय ओलांडून उत्तरेकडून येणारे पक्षी, आणि दुसरे म्हणजे त्या पक्ष्यांना पाहण्यासाठी शहरांतून येणारे लोक. पहाटेच्या थंडीत दुर्बिणी गळ्यात अडकवून ही मंडळी काठावर उभी असतात आणि एखादा नवा पक्षी दिसला की त्याची नोंद वहीत करून घेतात. ज्यांच्या बांधापर्यंत या जलाशयाचा ओलावा पोहोचतो, ते आजूबाजूचे शेतकरी मात्र या सोहळ्यात क्वचितच दिसतात. पक्षी पाहणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, आणि शेतकऱ्याला रिकामपण असते कोठे, असा एक सर्वसाधारण समज आहे.

हा समज शेतीच्या दृष्टीने तोट्याचा आहे, असे माझे मत आहे. पाणथळ जागेची भेट ही सहल म्हणून आनंदाची आहेच. पण शेतकऱ्यासाठी ती त्याहून अधिक काही आहे. आपल्या शेतातून वाहून गेलेली माती, खत आणि औषध यांचे पुढे काय होते, हे एका ठिकाणी उभे राहून पाहण्याची दुसरी जागा नाही. आणि आपल्या पिकावरील किडी टिपणारे पक्षी व आपले दाणे खाणारे पक्षी यांतील भेद ओळखावयास शिकण्याचीही तीच उत्तम शाळा आहे. म्हणून या लेखात पाणथळीच्या भेटीचा विचार शेतीच्या अंगाने करावयाचे योजिले आहे.

जलाशयाचा जन्म

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांत दगडी बंधारा बांधण्यात आला. तो बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी मुळीच नव्हते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण मुलखाला पाटाचे पाणी मिळावे, हा त्यांचा हेतू होता. तो हेतू सफलही झाला. येथून निघालेल्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी खालच्या बाजूच्या कोपरगाव-राहाता भागाचे रूप पालटून टाकले, हे आपण जाणतोच.

पुढे काय झाले ते मात्र कोणी योजिले नव्हते. दर पावसाळ्यात वरच्या पाणलोटातून गाळ येत राहिला आणि बंधाऱ्यामागे साचत राहिला. पाटबंधारे खात्याच्या हिशेबी ही साठ्याची घट होती. पण या गाळाने पाणी उथळ केले, त्यातून लहान-मोठी बेटे वर आली, काठाने पाणकणीस व इतर पाणवनस्पती माजल्या, आणि पाहता पाहता येथे उथळ पाण्याची, दलदलीची व गवताळ काठांची एक सरमिसळ भूमी तयार झाली. पक्ष्यांना नेमके हेच हवे होते. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव तर लोकांच्या तोंडी कधीच रुळले आहे. २०१९ मध्ये १,४३७ हेक्टर क्षेत्राची नोंद जागतिक महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत झाली. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ होय. त्यानंतर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर व ठाण्याची खाडी ही दोन स्थळे त्या यादीत गेली. नांदूर मध्यमेश्वर येथे वनस्पती व प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद असल्याचे रामसरच्या माहितीत नमूद आहे.

येथे एक गोष्ट शेतकऱ्याने विशेष लक्षात घ्यावी. तो गाळ आकाशातून पडलेला नाही. तो वरच्या शिवारांतील सुपीक मातीचा थर आहे. पक्ष्यांना त्यातून लाभ झाला, हा सुदैवाचा भाग. पण ज्या शेतातून तो गेला त्या शेताचे नुकसान काही भरून निघालेले नाही. आणि गाळ येण्याचे थांबले नाही तर आज उथळ असलेले पाणी उद्या कोरडी जमीन होईल. तेव्हा शेताचेही गेलेले असेल आणि पक्ष्यांचेही.

पाण्यातील मिश्रपीक

प्रथमच जाणाऱ्या माणसाला जलाशयावर केवळ ठिपक्यांची गर्दी दिसते. थोडा वेळ स्वस्थ बसून पाहिले म्हणजे त्या गर्दीतील व्यवस्था कळू लागते. घोटाभर पाण्यात लांब तांबड्या पायांचा शेकाट्या चालत असतो. त्याच्या पुढे, गुडघाभर पाण्यात चमचा हा पांढरा पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवीत अन्न गाळून घेतो. थापट्या बदक पाण्याच्या पृष्ठभागावरील बारीक जीव गाळते. तलवार बदक शेपटी वर व मान खाली करून तळाशी पोहोचते. पाणकावळा व टिबुकली बुडी मारून मासे पकडतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवरून जमिनीवरून चालावे तसा चालतो, तर जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात कोंब सोलीत बसते. काठच्या चिखलात धोबी आणि तुतवार किडे टिपतात.

आपण तुरीत सोयाबीन किंवा ज्वारीत मूग घेतो तेव्हा एकाची मुळे खोल व दुसऱ्याची उथळ, एकाची उंची अधिक व दुसऱ्याची कमी, हे पाहूनच जोडी जमवितो. एकाच जमिनीतून दोघांचे भागते. पाणथळीत हेच सूत्र चालते, फक्त जोडीदार दोन नसून शेकडो आहेत. पाण्याची खोली सर्वत्र सारखी केली, काठ तासून सरळ केले किंवा एकच वनस्पती सर्वत्र माजली, तर यांपैकी बहुतेकांचा घास जातो. एकाच पिकाच्या मागे लागलेल्या शिवारात काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे अधिक सांगावयास नको.

हिवाळ्यातील पाहुण्यांत पट्टकादंब हा हंस सर्वांत कौतुकाचा. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट-मंगोलियाच्या पठारांवर वीण करतो व हिमालयाच्या अत्युच्च रांगा ओलांडून आपल्याकडे उतरतो. नारिंगी रंगाचा चक्रवाक तर आपल्या जुन्या काव्यांतून परिचित आहेच. ज्यांनी त्याचे केवळ नाव ऐकले आहे, त्यांनी त्याला येथे प्रत्यक्ष पाहावे. चक्रांग, भिवई बदक, गढवाल, लालसरी ही सारी उत्तरेकडील मंडळी. वारकरी हा काळा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी येथे मोठ्या थव्यांनी दिसतो. चित्रबलाक, हळदीकुंकू बदक व जांभळी पाणकोंबडी हे मात्र आपल्या देशातीलच रहिवासी. ही साधी, ओळखीची मराठी नावे आपल्या हाती आहेत, याचे पुष्कळसे श्रेय आयुष्यभर रानावनांत हिंडून ती जमविणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांना आहे.

पक्ष्यांचा जमाखर्च

पक्षी हे शेतकऱ्याचे मित्र, असे एक वाक्य आपल्या पुस्तकांतून वारंवार येते. ते अर्धे खरे आहे. भोरड्यांच्या थव्याने ज्वारीचा प्लॉट अर्ध्या दिवसात रिकामा केलेला ज्याने पाहिला आहे, त्याला हे वाक्य ऐकवू नये. शेतकऱ्यापुढे बोलताना हिशेब दोन्ही बाजूंचा मांडला पाहिजे, तरच त्याचा विश्वास बसेल.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. भोरडी व चिमण्या ज्वारी-बाजरीच्या कणसांवर उतरतात. पोपट मका व फळे खातो, त्याहून अधिक तोडून टाकतो. द्राक्षाच्या बागेत गोडी भरू लागली की बुलबुल व साळुंक्या येतात. पट्टकादंब जलाशयालगतच्या गहू-हरभऱ्याच्या कोवळ्या पात्यांवर चरतो. जांभळी पाणकोंबडी भाताची कोवळी रोपे उपटते. हे सर्व खरे आहे आणि काठावरच्या शेतकऱ्याला ते दूरच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक सोसावे लागते.

आता जमेची बाजू. नांगराच्या मागे चालणारे गायबगळे आपण लहानपणापासून पाहतो. ते नाकतोडे, रातकिडे व अळ्या वेचत असतात. ऊसपट्ट्यात हुमणीने आज जो उच्छाद मांडला आहे, त्यावरील उपायांत उन्हाळ्यातील खोल नांगरट सांगितली जाते. तिचे एक कारण उन्हाचे तापणे हे आहे आणि दुसरे कारण उघड्या पडलेल्या अळ्या-कोषांना टिपणारे बगळे, कावळे, साळुंक्या व शराटी हे आहे. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी हेक्टरी ५० च्या आसपास पक्षीथांबे लावण्याची शिफारस आहे. कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी त्या थांब्यांवर बसून अळ्या उचलतात. हरभऱ्याच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरली तर थांबे रोवण्याचाही खर्च वाचतो. रात्रपाळीला गव्हाणी घुबड असते. ज्याला आपण अशुभ मानून हाकलतो, तो हा पक्षी प्रामुख्याने उंदरांवर जगतो. ज्या भोरडीला आपण शिव्या देतो, तीही मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात टोळ खाऊन पिलांना वाढविते आणि आपल्याकडेही दाण्यांबरोबर किडी खाते.

जमा आणि खर्च यांतील फरक असा की खर्च डोळ्यांना दिसतो, जमा दिसत नाही. खाल्लेले कणीस बांधावरून दिसते; न झालेली कीड कोणाला दिसणार? तीच जमा पाहण्यासाठी नजर तयार करावी लागते, आणि ती नजर पाणथळीच्या काठी दोन सकाळी बसून जितकी तयार होते तितकी पुस्तकाने होत नाही. कोणता पक्षी काय खातो हे ओळखणारा शेतकरी सरसकट सर्वांना हाकलीत नाही. दाणे भरण्याच्या ठरावीक दिवसांत तो चकाकणारी फीत, जाळी अथवा राखण यांचा अवलंब करतो आणि एरवी पक्ष्यांना त्यांचे काम करू देतो. विष घातलेले दाणे टाकणे वा फासे लावणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय त्यात नुकसान करणाऱ्याबरोबर उपकार करणाराही मरतो.

गिधाडांची कथा तर प्रत्येक पशुपालकाने ऐकावी अशी आहे. पांढऱ्या पाठीचे गिधाड व भारतीय गिधाड या अत्यंत संकटग्रस्त जातींची नोंद नांदूर मध्यमेश्वर येथे आहे. १९९० च्या दशकात देशभर गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. कारण शोधता शोधता ते आपल्याच गोठ्यात सापडले. दुखण्यावर जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरत होते आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे आणि पशुवैद्यांकडून तेच मागून घ्यावे. माणसांसाठीची बाटली जनावरांना टोचण्याचा मार्ग मात्र कोणी पत्करू नये.

शिवारातून पाण्यात काय जाते

जलाशयावर गेल्यावर पक्ष्यांइतकेच लक्ष जलपर्णीकडे द्यावे. निळसर-जांभळ्या फुलांचा हा हिरवा गालिचा दिसावयास सुंदर, पण गुणाने घातक आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती पाण्यावर पसरली म्हणजे खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, बदकांना उतरावयास मोकळे पाणी राहत नाही आणि पाटचाऱ्याही तुंबतात. रामसरच्या माहितीत या स्थळापुढील धोक्यांत जलपर्णीचा स्पष्ट उल्लेख आहे.

जलपर्णी कशावर वाढते? नत्र आणि स्फुरद यांवर, म्हणजे आपल्या पिकांप्रमाणेच. हे अन्न तिला दोन वाटांनी मिळते. एक वाट वरच्या अंगाच्या शहरांच्या सांडपाण्याची आहे. ते शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे आणि ती जबाबदारी शहरांची आहे. शेतकऱ्याने ती मागणी जोराने करावी, तो त्याचा हक्क आहे. पण दुसरी वाट शेतातून जाते. गरजेपेक्षा अधिक टाकलेला युरिया पाण्याबरोबर झिरपतो; स्फुरद धुपलेल्या मातीला चिकटून वाहतो. म्हणजे ज्या पोत्याला आपण पैसे मोजले, त्यातील काही भाग जलपर्णीला खत म्हणून घातला, असा त्याचा अर्थ होतो. स्वतःचा हात स्वच्छ असला म्हणजे शहराकडे बोट दाखविण्यास बळ येते.

यावर उपाय नवे नाहीत. ते आपल्या शिफारशींत पूर्वीपासून आहेत. पाणथळीच्या संदर्भात त्यांचे महत्त्व अधिक, एवढेच.

१. माती परीक्षणाच्या निष्कर्षाप्रमाणेच खताची मात्रा ठरवावी. नत्र एकाच वेळी न देता हप्त्यांनी द्यावे. उसाला व द्राक्षाला ठिबकमधून विद्राव्य खते दिल्यास वाया जाणारा भाग पुष्कळ कमी होतो.

२. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती आणि ओढ्या-नाल्याच्या काठी कायम गवताचा पट्टा या तीन गोष्टींनी माती शेतात राहते. गवताच्या पट्ट्यावर जनावरांचे वैरण होते आणि पक्ष्यांना आसराही मिळतो.

३. फवारणीचा पंप नदी, ओढा वा पाटचारीत धुऊ नये. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवाऱ्यातच घ्यावे, आणि बाटली मोडून टाकावी.

४. दाणेदार कीटकनाशके उघडी पडू देऊ नयेत. पक्षी ती वाळूचा खडा वा धान्याचा कण समजून उचलतात. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. जुना साठा पडून असेल तर तो वापरू नये. बीजप्रक्रिया केलेले बियाणे मातीआड झाले आहे याची खात्री करावी.

५. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये. पिकावरील मित्रकिडी आणि पक्षी यांना त्यांच्या वाट्याचे काम करण्यास वेळ द्यावा.

अभयारण्याची भीती

शिवारफेरीत पाणथळीचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : पक्ष्यांचे कौतुक वाढले की आमच्या जमिनीवर निर्बंध वाढणार ना? विहीर, घर, रस्ता, वीज यांसाठी परवानग्या मागत फिरावे लागणार ना? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे, त्याने तो विचारावाच. बाहेरून येणाऱ्याला दोन तासांनी परत जायचे असते. काठावरच्याला तेथेच राहायचे असते. उसात बिबट्या शिरला तर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, कॅमेरावाल्याचा नव्हे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पाणथळीचे रक्षण काठावरच्या शेतकऱ्याच्या खर्चाने होऊ नये. पक्ष्यांमुळे काठच्या पिकांचे होणारे नुकसान गावनिहाय मोजले जावे आणि ते भरून देण्याची व्यवस्था सुलभ असावी. निर्बंध कोणते व कोणत्या गटाला लागू आहेत, हे ग्रामसभेत सोप्या मराठीत वाचून दाखविले जावे, कारण अर्धवट माहितीतून भीती वाढते व भीतीतून वैर. येणाऱ्या पर्यटकांच्या पैशांतील मोठा वाटा गावात राहिला पाहिजे. गावातील तरुण वाटाडे म्हणून पक्षी दाखवीत असतील, शेतकरी कुटुंबे न्याहारी-जेवणाची सोय करीत असतील आणि बांधावरचा ताजा भाजीपाला, बेदाणा, गूळ पाहुण्यांच्या पिशवीतून शहरात जात असेल, तर पट्टकादंबाचा थवा गावाला ओझे वाटणार नाही.

दुसऱ्या बाजूने शेतकऱ्यानेही विचार करावा. हा जलाशय पुराच्या वेळी पाण्याचा लोंढा झेलतो. आजूबाजूच्या विहिरींना ओलावा पुरवितो. जनावरांना पाणी व मच्छीमारांना मासळी देतो. पक्षी ज्या पाण्यावर उतरतात, ते पाणी जिवंत आहे याची ती खूण असते. ज्या वर्षी पक्षी उतरणार नाहीत, त्या वर्षी पाण्याला काय झाले हे आधी शेतकऱ्यानेच विचारले पाहिजे, कारण तेच पाणी पुढे पाटाने त्याच्या पिकाला येणार असते.

नांदूर मध्यमेश्वरला कायद्याचे छत्र आहे. परंतु आपल्या गावोगावी असलेले पाझर तलाव, गावतळी व लहान सिंचन तलाव यांना ते नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलस्थाने समाविष्ट नाहीत. म्हणजे तेथील चक्रांग बदकांचा थवा वा टिटवीचे घरटे यांचे रक्षण गावाच्या मर्जीवरच आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उजनी-जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयांच्या काठी गाळपेर होते. गाळपेर करण्यास माझा विरोध नाही. भूमिहीनांना व अल्पभूधारकांना तिचा आधार असतो. पण शेकाट्या, टिटवी, आर्ली, नदी सुरय हे पक्षी याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. नांगर वा ट्रॅक्टर घालण्यापूर्वी एक फेरी मारून घरटी असलेला तुकडा महिनाभर तसाच सोडणे, एवढ्याने पिकात फारसा फरक पडत नाही, आणि एक पिढी वाचते.

भेट कशी द्यावी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाशिकपासून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर आहे. चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव ही आजूबाजूची गावे. काठावर निरीक्षणासाठी मनोरे आहेत. सूर्योदयापूर्वी पोहोचावे आणि उन्हे चढण्यापूर्वी तीन तास द्यावेत. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. मातकट वा हिरवट कपडे घालावेत. पांढरे व भडक टाळावेत. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास वाटाड्याकडील दुर्बिणीतून पाहता येते. पक्ष्यांच्या जवळ जाण्याचा हव्यास धरू नये. थवा माना वर करून स्तब्ध झाला म्हणजे तो उडण्याच्या बेतात आहे, तेथेच थांबावे. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला वारंवार उठविणे म्हणजे त्याने साठविलेली शक्ती व्यर्थ खर्चावयास लावणे होय. मोठ्याने बोलणे, मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावणे, खाऊ टाकणे, प्लास्टिक मागे सोडणे हे सर्व वर्ज्य समजावे.

पहिल्या भेटीत शंभर नावे पाठ करण्याचा खटाटोप करू नये. दहाच पक्षी नीट ओळखावेत : पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, चमचा, चित्रबलाक आणि धोबी. प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारावेत : तो कोठे बसला आहे, काय खातो आहे, आणि तो माझ्या शिवारात येतो काय? या तिसऱ्या प्रश्नाने पक्षीनिरीक्षण शेतीशी जोडले जाते. घरी परतल्यावर पीकनोंदीच्या वहीतच दोन पाने पक्ष्यांसाठी ठेवावीत. धोबी कोणत्या तारखेला दिसला, भोरड्या केव्हा आल्या, हरभऱ्यातील थांब्यांवर कोण बसले, अशा नोंदी तीन-चार वर्षे ठेवल्या तर त्या गावाच्या कामी येतील.

तीन सूचना

शेवटी, विचारार्थ तीन सूचना मांडतो. पहिली, शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलींत द्राक्षबागा, हरितगृहे व साखर कारखाने यांच्या बरोबरीने एक सकाळ पाणथळीसाठी राखून ठेवावी, आणि तीत महिला शेतकऱ्यांचा समावेश आवर्जून असावा. पेरणी, खुरपणी व राखण यांच्या निमित्ताने शिवारातील पक्ष्यांशी त्यांचीच अधिक गाठ पडते. दुसरी, आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत असते. काठच्या गावांतील शेतकरी गटांनी व शाळांनी तीत भाग घेऊन आपल्या गावच्या तळ्याची मोजणी स्वतः करावी. तिसरी, खत-औषधांविषयीच्या प्रात्यक्षिकांत पाणलोटाचा नकाशा समोर ठेवावा, म्हणजे आपल्या शेताचे पाणी कोठे जाऊन थांबते, हे प्रत्येकाला बोटाने दाखविता येईल.

बंधारा बांधणाऱ्यांनी पाणी अडविले ते शेतकऱ्यासाठी. पक्षी आले ते त्या पाण्याच्या मागून. या दोघांचा एकाच पाण्यावर संसार आहे आणि पाणी बिघडले तर दोघांचाही बिघडणार आहे. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनी येत्या हिवाळ्यात एक सकाळ काढावी, घरातील मुलांना बरोबर घ्यावे आणि जवळच्या पाणथळीवर जाऊन आपले शेजारी कोण आहेत ते एकदा पाहून यावे. रब्बीच्या धावपळीत तीन तास काढणे अवघड आहे, हे मान्य. पण शेताला पाण्याची पाळी नसलेला एखादा दिवस हिवाळ्यात प्रत्येकाच्या वाट्याला येतोच.